निदान

सोहारच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
मोडक्या खाटा ठेवतात त्याच्या पलीकडची खोली.
मंगळवारी आणि गुरुवारी, रात्रपाळी उतरली की
आम्ही सहाजणी तिथे पुन्हा पहिलीत बसतो.
मारिव्हिक, बद्रिया, कोट्टायमच्या दोघी, सुदानची इहसान
आणि मी, एस्तेर आवळे, मिरजेची,
एकवीस वर्षं सलाइन लावून लावून
अंधारातही शीर सापडणारी.

टेबलावर रबराचा माणूस.
एक बटण दाबलं की खोकतो, दुसरं दाबलं की मरतो.
बद्रिया दर वेळी त्याच्या अंगावर चादर ओढते.
"गारठेल," म्हणते. एसी अठरावर असतो.

एकवीस वर्षं 'निदान' हा शब्द
माझ्या तोंडी एकाच अर्थाने होता.
डॉक्टर, निदान एकदा बघून जा.
निदान ऑक्सिजन तरी वाढवू का?
निदान त्यांच्या बायकोला सांगा कुणीतरी.
दुसरा अर्थ डॉक्टरांच्या खिशात, पेनाशेजारी.
मला कळलेलं असायचं,
ओठांच्या रंगावरून, रात्री उशा किती लागतात त्यावरून.
पण कळणं वेगळं, म्हणणं वेगळं,
आणि म्हटल्यावर खाली सही करणं
म्हणजे तर भलतंच.

आता फॉर्मवरची ती रिकामी ओळ माझी आहे.
तिथला शब्द इंग्रजीत असतो.
मी मनात मराठीत वाचते, आणि दर वेळी अडखळते.

काल शिनासचा एक म्हातारा मच्छीमार आला. खमीस.
दोन पायऱ्या चढले की बसतात, मुलगा म्हणाला.
डॉ. फखरिया हात मागे बांधून भिंतीशी उभी.
तिचं गप्प राहणं हाच पेपर.
मी म्हाताऱ्याच्या पाठीवर तळवा ठेवला:
"म्हणा, अर्बा-ओ-अर्बईन."
चव्वेचाळीस. चव्वेचाळीस.
माझंच वय त्याच्या बरगड्यांतून थरथरत हाताशी आलं.
डावीकडे ठीक. उजवीकडे खाली येता येता
विझलं.

मग बोटावर बोट वाजवलं.
टण. टण. टण.
आणि एका बरगडीनंतर,
थप.

आमच्या गल्लीत तंबोरे व्हायचे.
दस्तगीरचाचा भोपळ्यांच्या ढिगात बसून
एकेकाला टिचकी मारायचे, कान लावायचे.
"ऐक पोरी, हा पोटात अजून ओला आहे.
याच्यातनं सूर निघायचा नाही."
मी सात-आठ वर्षांची, हातात दुधाची रिकामी किटली,
घरी वाट बघत असतील हे विसरून ऐकत बसायची.
काल त्या घटकेला वह्यांतलं एक अक्षर आठवलं नाही.
भोपळा आठवला.

"उजवीकडे पाणी असावं," मी म्हणाले. "फुफ्फुसाबाहेर, आवरणात."
"असावं, की आहे?"
"आहे. एक्स-रे मागवते."
"मग मागव."

पेन चालेना. शाई होती.
खमीस दिशदाशा सारखा करत माझ्याकडे बघत होता.
"तू डॉक्टर?"
"नाही चाचा, नर्स. जरा पुढचं शिकतेय."
तो मुलाकडे वळून म्हणाला, "बरं झालं.
म्हणजे सुईपण हीच टोचेल."

सही मराठीतच झाली, सवयीने.
आवळेमधला ळ ओळीबाहेर लोंबत राहिला.
एक्स-रे आला तेव्हा फखरिया तो दिव्याशी धरून
पुष्कळ वेळ बघत होती,
मग माझ्या हातात देऊन चहा प्यायला गेली.
शाबासकी म्हणायची तर तेवढीच.

रात्री आईला फोन. तिकडे घड्याळ दीड तास पुढे,
ती अर्धवट झोपेत.
काय सांगू तिला? पाणी, बोट, भोपळा?
"पास झालीस का गं?"
परीक्षा मार्चमध्ये आहे, आई.
"बरं. निदान जेवलीस तरी का?"

हो म्हटलं.
फॉर्मवर हे खपलं नसतं.